बर्फाच्या पाण्यात सोडलेला हात : लिलियन गिशच्या आठवणी वाचताना

शेवंती

मूकपटांतली अमेरिकन नटी लिलियन गिश हिच्या आठवणींचं पुस्तक काल रात्री संपलं. घरात याबद्दल बोलायला कोणी नाही, म्हणून हा धागा काढतेय.

'द मूव्हीज, मिस्टर ग्रिफिथ अँड मी' असं पुस्तकाचं नाव. अ‍ॅन पिंचॉट यांच्या साथीने लिहिलेलं, १९६९ मध्ये आलेलं. नावातला क्रम बघा. आधी सिनेमा, मग दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ आणि सगळ्यात शेवटी स्वतः. अख्खं पुस्तक याच क्रमाने चालतं. मला जे बोलायचंय तेही याबद्दलच.

लिलियन १८९३ ची, ओहायोतल्या स्प्रिंगफील्डची. (बरीच वर्षं १८९६ छापलं जायचं.) वडील घर सोडून गेले. आईने पोटासाठी नाटकात कामं धरली आणि लिलियन व धाकटी डोरोथी अगदी लहानपणीच फिरत्या नाटक कंपन्यांमध्ये शिरल्या. कधी कधी आई एका कंपनीच्या दौऱ्यावर, तर मुलगी दुसऱ्याच कंपनीबरोबर भलत्याच गावी. त्या दिवसांत ग्लॅडिस स्मिथ नावाच्या मुलीच्या घरच्यांशी त्यांचा घरोबा झाला. १९१२ मध्ये बाल्टिमोरला पाच सेंट तिकिटाच्या चित्रगृहात बहिणी गेल्या, तर पडद्यावर ग्लॅडिस! तिला भेटायला दोघी न्यूयॉर्कच्या बायोग्राफ या चित्रपट कंपनीत पोचल्या, तेव्हा या नावाची इथे कोणी नाही असं उत्तर मिळालं. ग्लॅडिस तोवर मेरी पिकफर्ड झाली होती, मूकपटांची पुढची मोठी तारका.

तिथेच ग्रिफिथने त्यांना पाहिलं. दोघींत फरक कळेना म्हणून एकीच्या केसांना निळी फीत, दुसरीच्या लाल, आणि तालमीत हाका मारायच्या त्या रंगाने. मुली खऱ्या घाबरायला हव्यात म्हणून त्याने पिस्तूल काढून बार उडवत त्यांना खोलीभर पळवलं. आज वाचताना अंगावर काटा येतो. ती मात्र हे सगळं कौतुकाने सांगते.

पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता भाग कामाचा आहे. कॅमेऱ्यापुढे कसं वागायचं हे शिकवणारं कोणी आधी झालेलंच नव्हतं. नाटकातले हातवारे तिथे अंगावर येत, आणि आवाज तर नव्हताच. १९१३ च्या 'द मदरिंग हार्ट'मध्ये मूल दगावल्यावर आई बागेत जाते आणि काठीने गुलाबाची झुडपं झोडपत सुटते. तेव्हा लिलियन जेमतेम एकोणीस वर्षांची. 'ब्रोकन ब्लॉसम्स' (१९१९) तर अठरा दिवसांत चित्रित झाला आणि ती स्पॅनिश फ्लूमधून नुकती उठलेली. त्यातली मुलगी बापाच्या माराला भिऊन कपाटाएवढ्या जागेत स्वतःला कोंडून घेते, बाहेर बाप कुऱ्हाडीने दार फोडतो. आत ती जाळ्यात सापडलेल्या जनावरासारखी स्वतःभोवती गरगर फिरते. हे तालमीत ठरलेलं नव्हतं. चित्रण संपल्यावर ग्रिफिथ स्वतः हादरला होता.

आणि मग १९२० चा 'वे डाउन ईस्ट'. ग्रिफिथने एका जुन्या रडव्या नाटकाचे हक्क पावणेदोन लाख डॉलरला घेतले, तेव्हा याचं डोकं ठिकाणावर नाही असं कंपनीतल्यांना वाटलं होतं. फसवलेली मुलगी, तिचं मूल जातं, जिथे आसरा मिळतो त्या घरातूनही तिला हिमवादळात बाहेर काढतात, आणि ती नदीच्या फुटत्या बर्फावर बेशुद्ध पडते. बेशुद्ध बाईचा हात कुठे पडेल, याचा विचार लिलियनने केला. लादीवर पडल्यावर उजवा हात आणि केस पाण्यात लोंबू द्यायचे, ही सूचना तिची. व्हरमाँटमध्ये व्हाइट रिव्हर जंक्शनला खऱ्या नदीवर चित्रण झालं. साधारण तीन आठवडे, दिवसाला वीसेक वेळा ती लादीवर आडवी व्हायची. केस गोठायचे, हात जाळात धरल्यासारखा वाटायचा. तो हात पुढे आयुष्यभर थंडीत दुखत राहिला.

आता अडलेली गोष्ट. १९१५ चा 'द बर्थ ऑफ अ नेशन'. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी हिंसक संघटनेला तारणहार दाखवणारा, कृष्णवर्णीय माणसांना जनावर ठरवणारा चित्रपट. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने तेव्हाच त्याविरुद्ध आवाज उठवला होता. त्याच वर्षी जॉर्जियात स्टोन माउंटनवर क्लॅन पुन्हा उभी राहिली. लिलियन त्या चित्रपटाची नायिका. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, हे एक वेळ समजून घेता येईल. पण पुस्तक आलं तेव्हा ती पंचाहत्तरीची होती. मार्टिन ल्यूथर किंगचा खून होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तरीही ती ग्रिफिथची बाजू लावून धरते. मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस हातात घेतलं नाही.

मला असं वाटतं की दोन्हीच्या मुळाशी एकच निष्ठा आहे. जिच्यापायी ती स्वतःच्या कल्पनांचं श्रेय ग्रिफिथच्या पदरात घालते, तिच्यापायीच त्याचा दोषही झाकते. तुम्हाला काय वाटतं?

रिळवाला

शेवंतीताई, फार मनापासून लिहिलंत. मी बत्तीस वर्षं प्रोजेक्टर चालवला, त्यामुळे माझं लक्ष यंत्राकडे जातं.

त्या हिमवादळात कॅमेऱ्यातलं तेल गोठू नये म्हणून त्याच्याखाली लहानशी आग पेटती ठेवत. कॅमेरा हाताने फिरवायचा, म्हणजे ग्रिफिथचा छायाचित्रकार बिली बिट्झर याची बोटंही तिच्याइतकीच गारठलेली असणार. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटायचा आणि निळा पांढराफटक. गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या नटीचे डोळे पडद्यावर पोकळ दिसायची भीती. तिला रंगभूषा, प्रकाश, भिंग यांबद्दल एवढं कळायचं त्याचं कारण हे. हेंड्रिक सार्टोव्ह नावाच्या छायाचित्रकाराचं मऊ चित्र उमटवणारं भिंग तिनेच ग्रिफिथच्या नजरेला आणून दिलं.

बघणाऱ्यांना एक विनंती. मूकपट हाताने फिरवलेल्या वेगात घेतलेले असत. ते बोलपटाच्या, सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने लावले की माणसं तुरुतुरु पळतात आणि लोक हसतात. नीट वेग राखलेली, जीर्णोद्धार केलेली प्रतच शोधून बघा. तिच्या अभिनयातला ठहराव तेव्हाच कळतो.

अनुपमा_के

धागा वाचला. कामाबद्दलचं सगळं मान्य. पण 'निष्ठा' हा शब्द मला फार सौम्य वाटतो.

हेच पुस्तक मीही वाचलंय. तिला 'बर्थ'मधली ती भूमिका कशी मिळाली, तो प्रसंग आठवा. भूमिका आधी ब्लांश स्वीट या नटीकडे जाणार असं वाटत होतं. तालमीत लिलियन तिच्या जागी उभी राहिली. खलनायक तिला उचलतो, तिचे कमरेखाली पोचणारे सोनेरी केस सुटून खाली पडतात, ग्रिफिथ ते पाहतो आणि भूमिका तिची होते. ती हे नशिबाची गोष्ट म्हणून सांगते. मला त्यात चित्रपटाचं सगळं विष दिसतं. गोरी, सोनेरी केसांची नाजूक मुलगी आणि तिच्यावर झडप घालणारा 'काळा' पुरुष. तो पुरुषही जॉर्ज सीगमन हा गोरा नटच, तोंड रंगवलेला. या जोडीच्या चित्राने पुढे किती माणसं झाडाला टांगली गेली याचा विचार ती पन्नास वर्षांनीही करत नाही.

ग्रिफिथच्या बचावात ती त्याचंच म्हणणं पुढे करते, की कृष्णवर्णीय माणसं तर आमच्या लेकरांसारखी, आम्ही त्यांच्यावर माया केली, त्यांना सांभाळलं. मोठ्या माणसांना लेकरं म्हणणं हाच तर मूळ दोष. हे तिला दिसत नाही, कारण ती स्वतः तसंच मानते. निष्ठेपायी डोळे मिटले असं मला वाटत नाही.

'ब्रोकन ब्लॉसम्स'चंही तेच. त्यातला चिनी नायक रिचर्ड बार्थेलमेस, डोळे बारीक करून बसलेला गोरा माणूस.

ओहायोवासी

मी तिच्याच राज्यात गेली एकोणीस वर्षं राहतो, म्हणून थोडं सांगतो.

इथल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात १९७६ पासून गिश बहिणींच्या नावाचं चित्रपटगृह होतं. २०१९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने हरकत घेतली आणि विश्वस्तांनी नाव काढलं. मार्टिन स्कोर्सेसी, हेलन मिरेन, जेम्स अर्ल जोन्स अशा अनेकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. जेम्स अर्ल जोन्स स्वतः कृष्णवर्णीय होते. म्हणजे हा वाद सरळ दोन तुकड्यांत वाटता येणारा नव्हता.

ज्या मुलांना रोज त्या दारातून आत जायचं होतं, त्यांचं म्हणणं मला पटलं. पण एक खटकलं. नाव दोघींचं होतं, आणि डोरोथी त्या चित्रपटात नव्हतीच. ग्रिफिथच्या पापाचा हिशेब बहिणीच्या नावावरही निघाला.

शेवंती

अनुपमा, केसांचा प्रसंग मी वाचला होता आणि चक्क पुढे गेले होते. तू लिहिलंस तेव्हा परत उघडून वाचला. तुझं बरोबर आहे. मी तिथे फक्त एका मुलीला काम मिळाल्याचा आनंद वाचला.

'निष्ठा' हा शब्द मात्र मी पूर्ण सोडत नाही. चित्रपटसृष्टीने ग्रिफिथला शेवटची बरीच वर्षं काम दिलं नव्हतं. १९४८ मध्ये तो वारला तेव्हा हॉलिवुडच्या एका हॉटेलात एकटा राहत होता. त्याला विसरू देणार नाही अशी जिद्द पुस्तकभर आहे. ती कुठे थांबवायची हे तिला कळलं नाही. तिची स्वतःची समजूतही तशीच होती, हे तुझं म्हणणं त्यात मिळवते.

ओहायोवासी, डोरोथीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. पुस्तकातली डोरोथी फार गोड आहे. लिलियन स्वतःला गंभीर, कष्टाळू म्हणवते आणि सगळी गंमत, सगळा हशा डोरोथीच्या वाट्याला देते. १९६८ मध्ये डोरोथी इटलीत गेली. पुढच्या वर्षी हे पुस्तक आलं. काही पानं त्यामुळे वेगळी वाचावी लागतात.

भूलतज्ज्ञ

हाताबद्दल थोडं. हिमदंशात त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात. वरची कातडी भरून आली तरी तो भाग पुढे वर्षानुवर्षं थंडी सोसत नाही. ठणका, मुंग्या, बधिरपणा राहतो. तिची तक्रार अगदी वैद्यकाच्या पुस्तकातली आहे. दिवसाला वीस वेळा गोठवणं आणि मध्ये ऊब देणं हे तर जास्तच वाईट. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या पेशींचं नुकसान दुणावतं.

पण माझा जीव खरा खालीवर झाला तो 'ला बोहेम'च्या (१९२६) पानांवर. क्षयाने मरणाऱ्या मीमीसाठी ती रुग्णालयात जाऊन क्षयाचे रोगी पाहून आली. मरणाच्या प्रसंगाआधी तीन दिवस तिने पाण्याचा थेंबही घेतला नाही. ओठ सुकावेत म्हणून तोंडात कापसाचे बोळे धरले. चित्रणाच्या वेळी श्वास इतका वरवरचा ठेवला की दिग्दर्शक किंग व्हिडोरला ती खरंच गेली असं वाटलं. शेवटच्या अवस्थेतला श्वास मी पाहिलेला आहे. तिने तो फार बारकाईने टिपलाय.

तरीही सांगतो, शेवंतीताई, याचं नुसतं कौतुक करू नका. तीन दिवस निर्जळी राहिलेल्या माणसाला तापत्या दिव्यांखाली झोपवणं म्हणजे मूत्रपिंडांशी खेळ. तिला थांबवणारं त्या सेटवर कोणीच नव्हतं, आणि असं कोणी असावं हे तिलाही सुचलं नाही.

टिपूर

डॉक्टर, अगदी हेच मनात होतं. पिस्तुलाचे बार, बर्फ, निर्जळी. सोसण्यालाच ती काम म्हणते. आणि सोसायची वेळ दर वेळी मुलींवर येते. पुस्तक वाचलेलं नाही, पण एक प्रश्न आहे. तिने स्वतः कधी दिग्दर्शन केलं का? एवढं कळत होतं तर केलंच असेल.

शेवंती

केलं, टिपूर. एकदाच. १९२० चा 'रिमॉडेलिंग हर हजबंड'.

ग्रिफिथ चित्रणासाठी फ्लॉरिडाला निघाला आणि जाताना लिलियनला म्हणाला, डोरोथीला घेऊन एक चित्रपट तू कर. न्यूयॉर्कजवळ मॅमरोनेकला त्याचा नवा स्टुडिओ तेव्हा उभा राहत होता. थंडीचे दिवस आणि आत ऊब नाही. नटांच्या तोंडातून निघणारी वाफ चित्रात दिसायला लागली, म्हणून मुक्काम हलवावा लागला. गोष्टीची कल्पना डोरोथीची. नवरा बायकोला म्हणतो, तुझ्याकडे कोण वळून बघणार? तर ती रस्त्याने त्याच्या पुढे चालत जाते आणि समोरून येणाऱ्या पुरुषांना जीभ काढून दाखवते. सगळे वळून बघतात! चित्रपट चांगला चालला.

ग्रिफिथने ही जबाबदारी आपल्यावर का टाकली, हे तिने नंतर त्यालाच विचारलं. स्टुडिओ लवकर उभा करायचा होता, आणि कामगार माझ्यापेक्षा एका मुलीसाठी जास्त झटतील हे मला ठाऊक होतं, असं त्याचं उत्तर. हे वाचून मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं तिने समजून घेतलेली कला, आणि त्याच्या लेखी ती मुकादम. तिच्या लिहिण्यात राग कुठेच नाही. उलट दिग्दर्शन हे बाईमाणसाचं काम नव्हे असं ती पुढे म्हणत राहिली.

आजोळ

इथे एक आठवण राहवत नाही. लिलियन १९१३ मध्ये गुलाबाची झुडपं झोडपत होती, त्याच वर्षी आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती साळुंके या पुरुषाने केली. त्यानंतर फाळक्यांना 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला मिळाल्या. त्याही फिरत्या नाटक कंपनीतल्याच. तिथेही नवऱ्यावेगळी झालेली आई, पदरात मुलगी. घरंदाज बायका ज्या दाराशी जात नव्हत्या, तिथे दोन्ही देशांत पोटापाण्यासाठी आधी याच आल्या. कमलाबाईंचं असं चारशे पानांचं पुस्तक असतं तर!

रिळवाला

टिपूर, तो 'रिमॉडेलिंग' बघायला मिळणार नाही, त्याची एकही प्रत उरलेली नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये मोजदाद प्रसिद्ध केली. १९१२ ते १९२९ या काळातल्या अमेरिकेच्या जवळजवळ ११ हजार मोठ्या मूकपटांपैकी ७० टक्के कायमचे गेले. नायट्रेटची फिल्म झट पेट घेते, आणि आग लागली नाही तर डब्यातल्या डब्यात चिकट होऊन पिठासारखी होते. बोलपट आल्यावर कंपन्यांनी रुप्यासाठी रिळं वितळवली तो भाग वेगळाच.

'द विंड' (१९२८) मात्र आहे, आणि तो चुकवू नका. मोहावीच्या वाळवंटात, ४९ अंशांच्या आसपासच्या उन्हात, विमानांचे आठ पंखे लावून तिच्या तोंडावर वाळू उडवली. मोटारीच्या दाराच्या मुठीला हात लागला तर तळहात भाजून निघाला. उष्म्याने फिल्मवरचा थर सुटू लागला, म्हणून ती थंड ठेवावी लागली. ही गोष्ट निवडली तिने, दिग्दर्शक व्हिक्टर श्योस्ट्रोम हवा हा आग्रह तिचा, नायक लार्स हॅन्सनही तिच्याच पसंतीचा. चित्रपट आला तेव्हा लोक बोलपटाच्या मागे लागले होते, त्यामुळे पडला. स्टुडिओवाल्यांनी तिला सुचवलं होतं, की तुझ्या नावाने एखादी भानगड उठवून देतो म्हणजे लोकांचं लक्ष जाईल. तिने नकार दिला आणि पुन्हा नाटकाकडे वळली.

अनुपमा_के

काल रात्री 'वे डाउन ईस्ट' पाहिला, रिळवालेकाकांनी सांगितलेल्या नीट वेगाच्या प्रतीत. आई शेजारी होती. तिला इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत, मी सुरुवातीला सांगत होते, मग थांबले. गरज पडत नव्हती.

बर्फाच्या प्रसंगाला मी चित्र थांबवून पाहिलं. तिला वाचवायला येणाऱ्या नायकाच्या, म्हणजे इथेही बार्थेलमेसच्याच, अंगात जाड केसाळ कोट आहे. ती लादीवर पातळ कपड्यांत. हात पाण्यात आहे आणि बोटं जराही आवळलेली नाहीत. एवढ्या थंडीत हात आपोआप मिटतो. तिने तो उघडा ठेवलाय.

'बर्थ'बद्दल माझं मत बदललेलं नाही. पुस्तकातली ती पानं मी कोणाला माफ करा म्हणून सांगणार नाही. 'द विंड' शनिवारी लावतेय. काका, त्याचीही चांगली प्रत कोणती ते सांगाल का? आई विचारतेय.

रिळवाला

कार्ल डेव्हिसच्या संगीताची, १९८० च्या दशकात तयार केलेली प्रत बघा. सुरुवातीला नव्वदीच्या घरातली लिलियन स्वतः येऊन दोन शब्द बोलते. आईंना ते भाषांतर करून सांगा.